अणुभट्टीची फाईल आणि शाळेचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग सरकारने एक गोष्ट जाहीर केली. स्टुटगार्ट-कार्ल्सरूहच्या बाजूला राहणाऱ्यांनी ती नक्कीच वाचली असेल. राज्यातल्या शाळांत शिक्षकांच्या सुमारे १,४४० जागा कागदावर भरलेल्या दिसत होत्या, प्रत्यक्षात त्यांवर कोणीच नव्हते. कारण संगणकातल्या नोंदींचा घोळ. २००५च्या सुमारास नोंदींची नवी पद्धत आली तेव्हा तो सुरू झाला आणि वीस वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही. या वीस वर्षांत मुले घरी येऊन 'आज गणिताचा तास झाला नाही' म्हणून सांगत होती, मंत्री शिक्षक मिळत नाहीत म्हणून सांगत होते, आणि मंजूर झालेल्या जागा यादीत गुपचूप पडून होत्या. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे पीठ खायलाही कोणी नव्हते, जाते नुसतेच फिरत राहिले.

ही बातमी वाचून मला अणुभट्ट्यांची आठवण झाली. हसू नका, सांगतो. याच राज्यात पन्नास वर्षांपूर्वी एका अणुभट्टीच्या परवान्याची फाईल द्राक्षबागाईतदारांनी, कोळ्यांनी, डॉक्टरांनी आणि शाळामास्तरांनी ओळीओळीने वाचून काढली होती. तीत एवढ्या हरकती घेतल्या की शेवटी भट्टी झालीच नाही. लोक तेच, राज्य तेच. एक फाईल वाचली गेली आणि दुसरी वीस वर्षे कोणी उघडली नाही, असे का? लोक आळशी झाले हे उत्तर मला पटत नाही. माझ्या मते एका फाईलला कायद्याने दार ठेवले होते आणि दुसरीला ठेवलेले नाही.

आधी घराची रचना पाहू, कारण आपल्यापैकी अनेकांना इथे पंधरा-वीस वर्षे राहूनही शाळेबद्दलची तक्रार कोणाकडे करायची ते ठाऊक नसते. जर्मनीत शाळा हा पूर्णपणे राज्यांचा विषय आहे. शिक्षकांचा पगार राज्य देते. शाळेची इमारत, छप्पर, संडास, हीटर हे सगळे गावाची किंवा शहराची पालिका पाहते. बर्लिनचा त्यात जवळजवळ काही संबंध नाही. २००६च्या घटनादुरुस्तीनंतर तर केंद्राने शाळांसाठी पैसे देणेही निषिद्ध झाले. २०१९ मध्ये शाळांना संगणक आणि वाय-फायसाठी पाच अब्ज युरो द्यायचे ठरले, तेव्हा त्यासाठी चक्क राज्यघटना दुरुस्त करावी लागली. बुंडेस्राटमध्ये राज्यांनी पहिला मसुदा अडवला, समेट समिती बसली, मग ते पैसे सुटले. देणाऱ्याला द्यायचे आणि घेणाऱ्याला हवे असूनही मध्ये घटना आडवी येते, हा प्रकार मी भारतातल्या मित्रांना समजावून सांगतो तेव्हा त्यांना वाटते मी थट्टा करतो आहे.

अणुऊर्जेचे नेमके उलट. कायदा केंद्राचा, १९५९चा. पण परवान्यावर सही राज्याच्या मंत्रालयाची, कारण घटनेच्या ८७ क कलमाप्रमाणे हे काम राज्ये केंद्राच्या वतीने करतात. म्हणजे काहीसे आपल्या कलेक्टरसारखे: बसायचे जिल्ह्यात, हुकूम वरचा. राज्याला ते काम पटले नाही तर? हा प्रश्न नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमधल्या काल्कारला सुटला. तिथल्या फास्ट ब्रीडर भट्टीची इमारत १९८५ मध्ये तयार झाली, पण राज्य सरकार पुढचे परवाने देईना. प्रकरण कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेले. १९९० मध्ये न्यायालयाने सांगितले की केंद्राने सूचना दिली की राज्याने ती पाळायची. सूचना शहाणपणाची आहे की नाही हा वाद राज्याने तिथे आणायचा नाही. गंमत अशी की खटला जिंकूनही केंद्राने पुढच्याच वर्षी, मार्च १९९१ मध्ये, तो प्रकल्प सोडून दिला. सुमारे सात अब्ज मार्क खर्चून एकही युनिट वीज न बनवता ती भट्टी थांबली. आज तिथे एक करमणूक उद्यान आहे. थंड करण्याच्या मनोऱ्याच्या पोटात गोल फिरणारा पाळणा आहे आणि मनोऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर मुले चढतात. ड्युसेलडॉर्फ-कोलोनकडच्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी तिथे आइस्क्रीम खाल्ले असेल; त्या पाळण्याला केवढे भाडे पडले आहे याची मुलांना कल्पना नसते.

तर अणुभट्टीच्या बाबतीत राज्याचे हात बांधलेले, आणि शाळेच्या बाबतीत राज्य पूर्ण मोकळे. यावरून तुम्हाला वाटेल की लोकांचे म्हणणे शाळेच्या बाबतीत जास्त ऐकले जात असणार, कारण सत्ता जवळ आहे. झाले आहे नेमके उलटे.

वील नावाचे एक छोटे गाव फ्रायबुर्गच्या वायव्येला, ऱ्हाइनच्या काठी, कायझरश्टूलच्या द्राक्षबागांच्या पायथ्याशी आहे. तिथे अणुभट्टी उभारायचे ठरले. बांधणारी वीज कंपनी बहुतांशी राज्याच्याच मालकीची, आणि परवाना देणारे सरकारही तेच. बागाईतदारांना पहिली धास्ती किरणांची नव्हती, धुक्याची होती. मनोऱ्याच्या वाफेने ऊन अडेल आणि द्राक्षे पिकणार नाहीत, ही चिंता. नाशिक-सांगलीकडचे जे वाचक आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कायद्याने परवान्याआधी हरकती मागवायच्या होत्या, त्या आल्या, हजारोंनी सह्या झाल्या. तरीही जानेवारी १९७५ मध्ये परवाना दिला गेला. फेब्रुवारीत लोकांनी जागेवर ठाण मांडले, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून त्यांना हटवले आणि तीनच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, सुमारे २८ हजार लोक येऊन पुन्हा आत शिरले. मुख्यमंत्री फिल्बिंगर यांनी बजावले होते की ही भट्टी झाली नाही तर दशक संपायच्या आत दिवे विझू लागतील. दिवे काही विझले नाहीत.

पण मला त्या सगळ्यातली जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच आहे. त्या ताब्यात घेतलेल्या जंगलात लोकांनी लाकडाचे एक मोठे गोल घर बांधले आणि १९७५च्या वसंतात तिथे 'फोल्क्सहोखशूले व्हीलर वाल्ड' सुरू केली. म्हणजे लोकांची शाळा, झाडांत. संध्याकाळी व्याख्यान: किरणोत्सर्ग म्हणजे काय, भट्टीचा दाबपात्र फुटला तर काय होते, परवान्याचा कायदा कसा वाचायचा, मधेच स्थानिक बोलीतली गाणी. प्राध्यापक यायचे, समोर शेतकरी बसायचे, आणि प्रश्न विचारायचे ते शेतकरी. मी आयुष्यभर वर्गात शिकवले; असा वर्ग मिळाला असता तर निवृत्त झालो नसतो. जागा सोडल्यावरही ती शाळा आसपासच्या गावांतल्या खानावळींत पुढे कित्येक वर्षे चालली. फ्रायबुर्गचे न्यायालय १९७७ मध्ये बांधकाम थांबवा म्हणाले ते त्याच दाबपात्राच्या मुद्द्यावर: तो फुटला तर झेलण्याची सोय आराखड्यात नव्हती. वरच्या न्यायालयाने १९८२ मध्ये तो निकाल फिरवला, पण तोवर सरकारचाच उत्साह संपला होता. ती जागा आज राखीव निसर्गक्षेत्र आहे.

या शाळेला सरकारी अनुदान नव्हते, हे सांगायला नकोच. पण तिच्यामागे एक कायदेशीर आधार होता, आणि या लेखातला माझा मुख्य मुद्दा तोच आहे. अणुभट्टीच्या परवान्याचा अर्ज आणि सुरक्षा अहवाल लोकांसाठी मांडून ठेवावा लागतो. १९७७च्या नियमावलीप्रमाणे दोन महिने. त्या मुदतीत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो, आणि अधिकाऱ्यांना हरकती घेणाऱ्यांसमोर बसून त्यांवर बोलावे लागते. 'कोणीही' हा शब्द नीट वाचा. तिथे नागरिकत्वाची अट नाही. भारतीय पासपोर्टचा माणूसही त्यात आला. १९७९ मध्ये घटना न्यायालयाने तर याला आणखी बळ दिले. म्युल्हाइम-केर्लिखच्या भट्टीजवळ राहणाऱ्या एका व्यक्तीची तक्रार न्यायालयाने फेटाळली, पण फेटाळताना सांगितले की परवान्याची कार्यपद्धती हा नुसता कागदी सोपस्कार नाही. जीविताच्या मूलभूत हक्काचे रक्षण त्या कार्यपद्धतीतूनच होते, म्हणून ती मोडली तर हक्क मोडतो.

हे कोरडे वाक्य किती महागात पडू शकते हे त्याच भट्टीने दाखवले. जमिनीखाली भूकंपाच्या दृष्टीने वाईट जागा निघाली म्हणून इमारत सुमारे सत्तर मीटर सरकवण्यात आली, पण परवान्याची प्रक्रिया नव्याने नीट केली नाही. १९८८ मध्ये बर्लिनच्या प्रशासकीय सर्वोच्च न्यायालयाने पहिला परवानाच रद्द केला. जेमतेम वर्षभर वीज बनवलेली अब्जावधींची भट्टी बंद पडली ती पडलीच. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिचा मनोरा पाडला तेव्हा कोब्लेंझकडच्या मंडळींनी चित्रफिती पाठवल्या होत्या.

आता कोणी म्हणेल, अशा दारांनीच या देशातली कामे रखडतात. म्हणणे खोटे नाही. अणुऊर्जा हवी की नको हा वाद मी इथे काढत नाही. मंडळाच्या एका सहलीत तो निघाला होता आणि परतीच्या बसमध्येही संपला नव्हता. शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या, तो विषय इथे तूर्त मिटला आहे. दार मात्र अजून उघडे आहे. अणुकचऱ्याच्या कायमच्या जागेचा शोध चालू आहे आणि २०२०च्या पहिल्या अहवालात देशाची ५४ टक्के जमीन विचारात घेण्याजोगी ठरली होती. ज्या भागांची नावे पुढे येतील तिथे प्रादेशिक परिषद भरायची आहे, आणि कायद्याप्रमाणे तिच्या सभेत बसायला वय सोळा पूर्ण आणि त्या गावात आनमेल्डुंग एवढेच लागते. आपण जर्मनीत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात रांगेत उभे राहून जो कागद घेतो, तोच. लाखो वर्षे टिकणाऱ्या कचऱ्याबद्दल बोलायला तो पुरतो. तिसरीतल्या मुलाला शिक्षक का नाही हे विचारायला मात्र तो पुरत नाही.

शाळेच्या पैशांचा निर्णय राज्याच्या अंदाजपत्रकात होतो. ते विधानसभा मंजूर करते, आणि विधानसभेला मत देतात जर्मन नागरिक. हरकतींची मुदत नाही, सुनावणी नाही. याचा सर्वांत सरळ फटका आपल्याच मुलांना बसला. २०१७ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गच्या विधानसभेने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे १,५०० युरो फी लावली. त्यातले ३०० विद्यापीठाला, बाकीचे राज्याच्या तिजोरीत. ज्यांनी ती भरायची त्यांच्यापैकी कोणाला मत नव्हते. बव्हेरियाशी तुलना करून पाहा. तिथे सर्वच विद्यार्थ्यांना फी होती, तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये दोन आठवड्यांत दहा टक्क्यांहून जास्त मतदारांनी पालिकेत जाऊन तिच्याविरुद्ध सह्या केल्या आणि काही महिन्यांत विधानसभेने ती रद्द केली. त्याच राज्याने पुढे नवा कायदा करून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावायची मुभा विद्यापीठांना दिली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४ पासून ती सत्रामागे दोन ते सहा हजार युरो आहे. या वेळी सह्यांची वही कोणी उघडली नाही.

जर्मन पालकांना तरी सगळे सोपे आहे का? गिम्नाझियम पुन्हा नऊ वर्षांचे व्हावे म्हणून बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या पालकांनी एक लाखावर सह्या गोळा करून विधानसभेला विषय घ्यायला लावला. २०२५-२६ या शालेय वर्षापासून पाचवी-सहावीला ते लागूही झाले. पण तो प्रश्न डोळ्यांना दिसणारा होता. १,४४० रिकाम्या जागांची यादी कुठे मांडून ठेवलेलीच नव्हती, तर सही कशावर करणार? नोव्हेंबर २०२१ मध्ये घटना न्यायालयाने कोविडच्या प्रकरणात प्रथमच स्पष्ट सांगितले की मुलांना शालेय शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. मी तो निकाल फार आशेने वाचला. पण १९७९ मध्ये अणुभट्टीच्या बाबतीत हक्काबरोबर कार्यपद्धतीही आली होती, तसे इथे झाले नाही. शाळा कशी चालवायची आणि किती पैसा घालायचा, हे बव्हंशी सरकारच्या मर्जीवर राहिले.

आणि आता मौज ऐका. आपल्याकडे अणुऊर्जा सर्वस्वी केंद्राच्या यादीत. जैतापूरच्या प्रकल्पाची पर्यावरणाची जनसुनावणी २०१० मध्ये माडबनला झाली, ती घेतली राज्याच्या प्रदूषण मंडळाने, मंजुरी दिल्लीची. तिथे लोकांच्या हरकतींचे काय झाले हे कोकणातले वाचक मला सांगतील, मी त्यांना काय सांगणार. पण शाळेच्या बाबतीत २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि तिच्या कामांत एक काम स्पष्ट लिहिले आहे: शाळेला आलेल्या अनुदानाचा वापर कसा होतो यावर देखरेख. कित्येक ठिकाणी ती समिती सहीपुरती आहे, मान्य. तरी कायद्याच्या कागदावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या आईला शाळेच्या पैशांबद्दल जो अधिकार आहे, तो स्टुटगार्टमधल्या आईला नाही. जर्मन सहकाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते विनम्रपणे विषय बदलतात.

मग आपण काय करायचे? ज्यांनी जर्मन पासपोर्ट घेतला आहे त्यांच्यासाठी विधानसभेची निवडणूक आहे, आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये सोळा वर्षांच्या मुलांनाही मत आहे. उमेदवार मंडळाच्या गणपतीला येतात, ढोकळा खातात आणि फोटो काढतात. त्यांना वीस वर्षांच्या त्या यादीबद्दल विचारा. पुढची यादी दरवर्षी शाळावार जाहीर करणार का, एवढे एकच विचारा.

ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांच्यासाठीही दोन-तीन खिडक्या आहेत, दारे नसली तरी. शाळेच्या पालक प्रतिनिधींच्या निवडणुकीत, एल्टर्नबायराटमध्ये, नागरिकत्व विचारत नाहीत. आपली मंडळी तिथे जर्मन येत नाही म्हणून मागे बसतात आणि घरी येऊन बोलतात. विधानसभेला अर्ज करण्याचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिला आहे, आणि अर्जाला उत्तर द्यावे लागते.

तिसरी खिडकी फारशी कोणाला ठाऊक नसते आणि ती नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमधल्या वाचकांसाठी आहे. तिथल्या पालिका कायद्याच्या ८०व्या कलमाप्रमाणे शहराच्या अंदाजपत्रकाचा मसुदा लोकांना पाहता येईल असा ठेवावा लागतो आणि निदान चौदा दिवस त्यावर हरकती घेता येतात. हरकत कोणी घ्यायची? कायद्यातला शब्द 'रहिवासी' आहे, 'नागरिक' नाही. आणि त्या हरकतींवर नगरसभेला जाहीर बैठकीत निर्णय करावा लागतो. शिक्षकांच्या जागा त्या मसुद्यात नसतात, त्या राज्याकडे. पण गळणारे छप्पर, बंद पडलेला संडास, दुपारच्या शाळेची खोली हे सगळे त्यात असते. अणुभट्टीच्या फाईलसारखीच ती फाईल आहे, फक्त ती वाचायला कोणी येत नाही.

मसुदे बहुतेक शहरांत शरद ऋतूपासून वर्षाअखेरपर्यंत निघतात, म्हणजे फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत नोटीस आलेली असेल. ती शहराच्या संकेतस्थळावर 'हाउसहाल्ट' या शब्दाखाली शोधा. शेकडो पानांना घाबरू नका, शाळांचे प्रकरण वेगळे असते. त्यात आपल्या शाळेचे नाव, कामाचे नाव आणि वर्ष पाहा. काम पुढच्या वर्षावर ढकललेले दिसले तर का, एवढेच लिहा. वकील लागत नाही. पत्र मात्र जर्मनमध्येच लिहावे लागेल. ज्यांची बी-वन अजून व्हायची आहे त्यांनी आठवीतल्या लेकीला शेजारी बसवावे. विभक्ती प्रत्यय ती तपासून देईल, आणि संडासाबद्दल काय लिहायचे हे तिला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.